रविवारच्या आधीचं आणि नंतरचं काम

सेवाभावी क्लबांचं वर्ष जुलैत बदलतं. त्यामुळे मे-जूनमध्ये या सदराच्या टपालात नव्याने पद घेणाऱ्यांची पत्रं जास्त असतात. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतली पत्रं घेतली आहेत. ती आटोपशीर करून, नावं वगळून देत आहोत. उत्तरं एकट्याची नाहीत. संस्था-नोंदणी, रक्तसंकलन, खारफुटी, वृक्षलागवड या कामांत रोज वावरणाऱ्यांनी आपापला भाग लिहिला आहे.

प्रश्न : आमच्या संकुलातले आम्ही २२ जण दर महिन्याला रद्दी गोळा करतो आणि त्या पैशातून एका शाळेला मदत करतो. आता क्लब म्हणून उभं राहायचं आहे. रोटरी किंवा लायन्सशी जोडून घ्यावं, की स्वतःची संस्था नोंदवावी? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : २२ हा आकडा नेमका अडचणीचा आहे. रोटरी आणि लायन्स दोन्हीकडे नवा क्लब सुरू करायला किमान २० सदस्य लागतात. दोघांची बदली झाली आणि एक जण वर्गणीचा आकडा ऐकून मागे सरला, की चार्टर (क्लबच्या मान्यतेची सनद) हाती पडायच्या आधीच तुम्ही अडकलात. आधी २८-३० जण होऊ द्या. वर्गणीचे थरही सगळ्यांना आधीच सांगा: एक भाग आंतरराष्ट्रीय संघटनेला, एक डिस्ट्रिक्टला (आसपासच्या क्लबांच्या विभागीय संघटनेला), आणि उरलेला क्लबला. 'आपण दिलेले पैसे उपक्रमाला का लागत नाहीत' हा वाद पहिल्याच वर्षी होतो, आणि तो पहिल्या बैठकीत फळ्यावर आकडे न मांडल्यामुळे होतो.

या बदल्यात दरवर्षी अध्यक्ष बदलण्याची शिस्त मिळते, पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं आणि अडलं तर शेजारच्या क्लबचा हात मिळतो. छोट्या गटाला हे एरवी जमवता येत नाही.

स्वतंत्र संस्थेसाठी सात जण पुरतात. १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, दोन्हींखाली नोंद करावी लागते आणि ती धर्मादाय कार्यालयात होते. इथे चूक होते ती घटना लिहिताना. कुणाच्या तरी जुन्या संस्थेची घटना उतरवून घेतात. त्यात सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती कितीची, मध्येच कुणी राजीनामा दिला तर जागा कशी भरायची, हे एकतर नसतं किंवा आपल्याला लागू पडत नाही. तीन वर्षांनी वाद झाला की सगळे ती घटना पहिल्यांदा वाचतात. ही तीन कलमं स्वतः बसून लिहा, बाकीची वकिलावर सोडा.

नोंदणी होईपर्यंत लोकांकडून देणग्या घेऊ नका. घ्यायच्याच असतील तर सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं घेतात तशी १९५० च्या अधिनियमाच्या कलम ४१-क ची परवानगी काढा. रद्दीचे पैसे सचिवाच्या खासगी खात्यात जमा करायची सवय आजच मोडा. माणूस कितीही सरळ असो, त्याच्या खात्यातले पैसे कायद्याने त्याचे असतात.

तुमच्या जागी आम्ही एक वर्ष आहे तेच काम करू आणि दर महिन्याची हजेरी लिहून ठेवू. बाराव्या महिन्यात वहीत कोण दिसतं, ते तुमचे खरे सदस्य.

प्रश्न : येत्या १ जुलैला क्लबची अध्यक्ष होते आहे. सदस्य ४४. मागच्या अध्यक्षांनी ३१ उपक्रम केले, मला 'किमान ३६ तरी हवेत' असं सांगितलं जातंय. ध्येय ठरवायची काही पद्धत आहे का? (नेरूळ)

उत्तर : आहे, आणि ती हजेरीवहीपासून सुरू होते. गेल्या सहा उपक्रमांना प्रत्यक्ष किती जण आले ते मोजा. ४४ सदस्यांच्या क्लबात हा आकडा बहुतेक १२ ते १५ निघतो. १४ धरू. आता महिने मोजा. जुलै-ऑगस्टचा मुसळधार पाऊस, गणपती ते दिवाळी यांतला बराचसा काळ आणि मे महिना वजा केला की मोकळे असे आठ महिने उरतात. नोकरदार माणूस महिन्याला दोन रविवार देतो, म्हणजे वर्षाला १६ रविवार. तुमच्या क्लबची ताकद एवढीच आहे. ३६ उपक्रम म्हणजे उरलेले २० फक्त फलकापुरते.

दुसरा हिशोब सचिवाचा. तीन तासांच्या उपक्रमामागे परवानगीची पत्रं, जागेची पाहणी, खरेदी, गाडी, फोन, नंतरची बिलं आणि अहवाल मिळून ३५-४० तास जातात, आणि ते तीनच माणसं करतात. उपक्रम वाढवले की हीच तीन माणसं डिसेंबरात गळतात. मग जानेवारी ते जून क्लब नुसता नावाला असतो.

१६ रविवारांत पाच ठिकाणं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी तीन फेऱ्या करा: पहिली पाहणीची, दुसरी कामाची, तिसरी दोन-तीन महिन्यांनी. एक रविवार पावसासाठी शिल्लक ठेवा. तिसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची. बसवलेला नळ गळतोय का, दिलेला संगणक कपाटात कुलपात आहे का, हे तेव्हाच कळतं.

ध्येय कागदावर कसं उतरतं तेही पाहा. 'पाड्यावरच्या शाळेला मदत' हे ध्येय नाही. 'शाळेच्या दोन स्वच्छतागृहांत मार्चअखेरीपर्यंत रोज पाणी' हे ध्येय आहे, कारण एप्रिलमध्ये जाऊन नळ सोडून बघता येतं. शेजारी तीन गोष्टी लिहा: टाकी कोण भरणार, मोटर बिघडली तर खर्च कुणाचा, आणि प्लंबरचा नंबर शाळेत कुणाकडे आहे.

मोठ्या संघटनांचा अनुभवही हेच सांगतो. १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्धचा कार्यक्रम हाती घेतला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला मिळालं. एवढ्या वर्षांत प्रत्येक क्लबात दरवर्षी अध्यक्ष बदलले, काम तेच राहिलं. लायन्सनेही १९२५ मध्ये हेलन केलर यांच्या आवाहनानंतर घेतलेलं दृष्टिरक्षणाचं काम अजून सोडलेलं नाही. म्हणून तुमच्या पाचांपैकी निदान दोन ठिकाणं मागच्या अध्यक्षांनी सुरू केलेली असू द्या. त्यांच्या ३१ मधली कुठली दोन पुढे न्यायची, हे त्यांनाच विचारा.

हजेरीबद्दल एक सांगायचं राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे. गुरुवारी संध्याकाळी एकेकाला फोन करा आणि 'येणार का?' असं न विचारता 'दादा, तुमच्याकडे पाण्याचे दोन जार आणि नोंदणीचं टेबल आहे, साडेसातला गेटपाशी' असं सांगा. नावावर काम असलं की माणूस येतो, आणि येणार नसेल तर गुरुवारीच कळवतो.

प्रश्न : आमच्या क्लबात महिला सदस्य १७ आहेत. तरी दर कार्यक्रमात आमच्याकडे रांगोळी, पाहुण्यांचं औक्षण आणि अल्पोपाहार. बैठक रात्री साडेनऊला. कार्यकारिणीत एकच महिला आहे. हे बदलायचं कसं? (वाशी)

उत्तर : आधी बैठकीची वेळ बदला, कारण उरलेलं सगळं तिथे अडतं. निर्णय बैठकीत होतात आणि घरातलं जेवणखाण आवरून साडेनऊला निघणं बहुतेकींना जमत नाही. शनिवारी संध्याकाळी पाच ते सव्वासहा अशी वेळ ठरावाने मांडा. त्यावर मतदान घ्या आणि त्याची नोंद इतिवृत्तात येऊ द्या. तोंडी विनंती दोन महिन्यांत विसरली जाते.

दुसरं म्हणजे कामाचा तक्ता. स्वागत आणि अल्पोपाहार ही कामं आळीपाळीने सगळ्यांची, आडनावाच्या अकारविल्हे. आणि महिलांनी सहखजिनदार, प्रकल्पप्रमुख अशी पदं मागून घ्यावीत, कारण अध्यक्षपदाची वाट तिथून जाते. रोटरी आणि लायन्समध्येही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत महिलांना सदस्यत्वच नव्हतं. रोटरीत तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर दारं उघडली. तिथेही नियम बदलल्यावरच सवयी बदलल्या.

प्रश्न : नवी कार्यकारिणी आली की दोन महिने चेक निघत नाहीत. काय करावं? मी खजिनदार आहे. (पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : निवडणूक एप्रिलअखेर उरका. मेमध्ये ठरावाची सहीशिक्क्याची प्रत, इतिवृत्ताचा उतारा आणि नव्या सह्या करणाऱ्यांची केवायसी बँकेत द्या, म्हणजे १ जुलैला खातं चालू राहील. सह्या 'तिघांपैकी दोघे' अशा ठेवा आणि जुन्यांतला एक जण बदल पूर्ण होईपर्यंत राहू द्या. संस्था नोंदलेली असेल तर पदाधिकारी बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद, गेला पाहिजे. तो राहून गेला की बँकही अडवते आणि सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी देणारी कंपनीही. देणग्या शक्यतो बँकेतूनच घ्या, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. देणगीदाराला हे पावती फाडताना सांगा, मार्चमध्ये नको.

प्रश्न : खाडीकिनारी खारफुटीची सफाई ठेवली होती. ६० जण आले. पोचलो तर काठापर्यंत पाणी. तासभर थांबून जमेल तेवढं उचललं, ७० गोण्या भरल्या. गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्या गोण्या पुन्हा खाडीत. कुठे चुकलं? (ऐरोली)

उत्तर : तारीख आधी ठरली आणि पाणी नंतर बघितलं, तिथे चुकलं. खाडीवर तारीख पंचांग बघूनच ठरते.

कोळीवाड्यातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते, आणि तिथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती पहाटे तीनला, ओहोटी सव्वानऊच्या आसपास. सकाळच्या सफाईला हीच वेळ हवी. दशमीला भरती साडेसातची, म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा पाणी नुकतं कुठे उतरायला लागलेलं असतं. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे साडेपाच-सहाची आणि उधाणाचं पाणी परतही जोरात येतं. तेव्हा तृतीया ते पंचमीच्या आसपासचा रविवार शोधा. मग छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताडून घ्या. तक्ता मुंबई बंदराचा असेल तर खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी थोडं उशिरा फिरतं, हे लक्षात ठेवा. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि पाणी परतायला लागलं की बाहेर यायचं.

परवानगी दोन ठिकाणची. खारफुटी हे संरक्षित वन आहे, तेव्हा वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या स्थानिक कार्यालयाला निदान १५ दिवस आधी पत्र द्या. जागा, वेळ, माणसं आणि जबाबदार व्यक्ती त्यात लिहा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, त्यामुळे काही पट्ट्यात गटाने जाता येणारच नाही. कक्षाची माणसं कुठे उतरायचं ते दाखवतात, त्यांचं ऐका. दुसरं पत्र पालिकेच्या विभाग कार्यालयाला, गाडीसाठी. गाडी येणार हे शनिवारी दुपारी त्या पाळीच्या मुकादमाशी बोलून पक्कं करा. साहेबांचा होकार मुकादमापर्यंत पोचलेला नसतो, हेच बहुतेक वेळा कारण निघतं. आणि गोण्या काठावर ठेवूच नका. भरतीची रेघ झाडांच्या बुंध्यावर चिखलाच्या डागाने दिसते. त्या रेघेच्या वर, गाडी येईल अशा रस्त्याच्या कडेला ढीग करा.

६० माणसं जास्त होतात. २५ पुरेत. कारण पायाखाली बघा: तिवराच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) भोवती चिखलातून पेन्सिलीएवढी शेकडो मुळं सरळ वर आलेली असतात. झाड त्यांतून श्वास घेतं. ६० जणांनी दोन तास तुडवलं की ती मोडतात आणि प्लास्टिकपेक्षा जास्त नुकसान आपणच करतो. म्हणून काठाने ओळ धरून चाला, घोट्याच्या वर चिखल लागला की मागे फिरा. गमबूट तिथे उपयोगी पडत नाही, तो चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. घट्ट बांधलेले जुने बूट बरे. मुळांत गुंतलेली पिशवी ओढायची नाही. कात्रीने कापून काढा, नाहीतर तिच्याबरोबर कोवळं रोप येतं. तिवराच्या बिया पावसाळ्यात गळतात, त्यामुळे पाऊस संपता संपता काठावर बोटभर रोपांची दाटी असते. त्या पट्ट्याला दोरी लावून तो वगळा.

सामान माणशी: रबर चढवलेले जाड हातमोजे, बोथट टोकाची कात्री, तांदळाच्या रिकाम्या दोन-तीन गोण्या. गोणी अर्धीच भरा. ओलं प्लास्टिक आणि चिखल मिळून अर्ध्या गोणीचंच दहा-बारा किलो होतं. पूर्ण भरलेली चिखलातून एकट्याला उचलत नाही आणि शिवण सुटते. काच आणि सुया हाताने उचलायच्या नाहीत. एकाच माणसाकडे चिमटा आणि झाकणाचा जाड कॅन द्या. कुणाला कापलं तर जखम साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. घाण पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो, नंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला तर 'खाडीत उतरलो होतो' हे डॉक्टरांना सांगायला सगळ्यांना बजावा. पायाला आधीच जखम असलेल्याने त्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसावं.

आणि मोजा. बाटल्या, पिशव्या, थर्माकोल, चपला, निर्माल्य असे वेगळे आकडे लिहा. तीन फेऱ्यांत निर्माल्याच्या पिशव्याच जास्त निघाल्या, तर पुढचं काम खाडीत नाही, विसर्जन घाटावर आहे. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी चार ते मध्यरात्र, अशा दोन पाळ्यांत आठ-आठ जण निर्माल्य कलशापाशी उभे करा. हाराचा दोरा, प्लास्टिकची पिशवी आणि फुलं तिथल्या तिथे वेगळी झाली, तरच त्यांचं खत होतं.

प्रश्न : कारखान्यांच्या भागात रक्तदान शिबिर घेतलं. ६० नावं आली, रक्त २३ जणांचंच घेतलं. रक्तपेढीने उगाच परत पाठवले असं सदस्य म्हणतात. (वागळे इस्टेट)

उत्तर : रक्तपेढीने तिचं काम केलं. रक्तदात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने आणि महिलांना चार महिने अंतर लागतं. मलेरिया होऊन गेला तर तीन महिने थांबावं लागतं. तुमच्या भागात आणखी दोन कारणं हमखास असतात. रात्रपाळी करून न झोपता आलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत. आणि तुम्ही पत्रात दिलेली तारीख संकष्टीची होती. उपाशी माणसाला चक्कर येते, म्हणून त्यालाही परत पाठवतात. एकादशी, संकष्टी आणि श्रावणी सोमवार टाळा, आणि शिबिर दुसरी पाळी सुरू होण्याआधी, दहा ते दोन ठेवा.

या अटी आठवडाभर आधी साध्या मराठी-हिंदीत छापून खात्याखात्यात लावा: 'दोन-तीन तास आधी पोटभर जेवून या, रात्री झोप झालेली असू द्या, चालू गोळ्या सांगा.' परत गेलेला माणूस अपमान समजतो आणि पुढच्या वेळी येत नाही. हिमोग्लोबिन कमी निघालेल्यांची यादी त्यांच्या संमतीने घ्या, त्यांना तपासणीला पाठवा आणि तीन महिन्यांनी फोन करा. शिबिराइतकंच हे काम मोलाचं आहे.

एका खाटेवर तासाला तीन ते चार जण होतात. चार खाटा आणि चार तास म्हणजे ५० ते ६० दाते. याहून जास्त बोलावले तर रांग हिमोग्लोबिनच्या टेबलापाशी तुंबते आणि माणसं कंटाळून जातात. लिंबू सरबत-बिस्किटांची जागा खाटांपासून दिसेल अशी ठेवा आणि तिथे १५ मिनिटं बसवायला एक ठाम माणूस नेमा. चक्कर येते ती बहुधा उठून जिन्याकडे निघाल्यावर. आली तर तिथेच आडवं झोपवून पाय वर घ्यायचे, खुर्चीत बसवायचं नाही.

भेटवस्तू ठेवू नका. महागडी वस्तू ठेवली की तिच्यासाठी माणूस आजार लपवतो, आणि ते रक्त घेणाऱ्याच्या अंगावर येतं. तारीखही विचारून ठरवा. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला शिबिरांची गर्दी होते. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात आणि तुटवडा पडतो. रक्तपेढीला 'तुम्हाला कधी हवंय?' असं विचारणारा क्लब विरळा. तो तुमचा असू द्या.

प्रश्न : शहापूर तालुक्यातल्या शाळेत दरवर्षी १५ ऑगस्टला वह्या वाटतो. या वर्षी मुख्याध्यापकांनी 'पुढच्या वेळी आधी विचारा' असं सांगितलं. राग मानावा का? (कळवा)

उत्तर : मानू नका, त्यांनी तुम्हाला मदतच केली. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. ऑगस्टपर्यंत पालकांनी उसनेपासने करून वह्या घेतलेल्या असतात. पाठ्यपुस्तकं पहिली ते आठवीला सरकारकडून मोफत येतात, त्यामुळे तीही नकोत. मेमध्ये सरांना फोन करून इयत्तावार पट घ्या आणि प्रत्येक इयत्तेला एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची किती, हे त्यांच्याच हातून लिहून घ्या. पहिलीच्या पोराला १०० पानी एकरेघी वही दिली तर ती मोठ्या भावाकडे जाते. वाटप शिक्षकांनी वर्गात करावं. मुलांना उन्हात ओळीने उभं करून फोटोसाठी हात पुढे करायला लावू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

प्रश्न : संस्थापक अध्यक्ष पद सोडतात, पण सूत्रं सोडत नाहीत. वॉर्ड ऑफिसातले सगळे त्यांनाच ओळखतात. मी सचिव, वयाने २६ वर्षांनी लहान. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : त्यांच्या ओळखी ही क्लबची जमा आहे, ती त्यांच्या फोनमध्ये अडकलेली आहे एवढंच. त्यांना ठरावाने एक नेमकं काम द्या: शासकीय संपर्क, मुदत एक वर्ष, आणि प्रत्येक भेटीला नव्यांपैकी एक जण बरोबर. 'काका, या वेळी पत्र घेऊन मी येतो, तुम्ही साहेबांशी माझी ओळख करून द्या' असं म्हटलं तर नाही म्हणणारा ज्येष्ठ आम्ही पाहिला नाही. वर्षभरात नावं, पदं आणि नंबर क्लबच्या वहीत येतात. क्लबचा स्वतंत्र मोबाइल नंबर आणि ईमेल घ्या, पासवर्ड बंद पाकिटात खजिनदाराकडे ठेवा. बैठकीत त्यांचं मत पहिलं नको, शेवटचं घ्या. पहिलं घेतलं की तरुण गप्प बसतात. एका पदावर सलग दोन वर्षांहून जास्त नाही, हे कलम घटनेत नसेल तर ते त्यांच्याच सूचनेने आणा. सूचक म्हणून त्यांचं नाव इतिवृत्तात राहील.

प्रश्न : दर जुलैत टेकडीवर १०० झाडं लावतो. पुढच्या जूनमध्ये दहासुद्धा दिसत नाहीत. (खारघर)

उत्तर : पाण्याचा हिशोब करा. नोव्हेंबर ते मे एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी लागतं. १०० रोपांना आठवड्याला २,००० लिटर, म्हणजे २० लिटरचे १०० कॅन, तेही चढावर. तुमच्याकडे टेकडीवर नियमित जाणारे आठ जण आहेत असं लिहिलंत. प्रत्येकाने आठवड्याला तीन कॅन वाहिले तरी २४ होतात, म्हणजे २४ झाडं. तेवढीच लावा आणि तीन वर्षं तीच जगवा.

जागा सिडकोची आहे की वन विभागाची, ते आधी शोधून लेखी परवानगी घ्या. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल, मेमध्येच खणून तापू द्या. टेकडीवर मातीचा थर पातळ असतो, खाली कातळ लागतो. फूटभर खणून थांबलं तर मूळ कातळावर आडवं पसरतं आणि मार्चमध्ये झाड वाळतं. कातळ लागला तर दोन हात बाजूला सरका. एक भाग कुजलेलं शेणखत, दोन भाग माती. रोप निदान चार फुटी घ्या, त्याहून लहान रोप गवतात हरवतं. करंज, बहावा, पळस, कडुनिंब, ताम्हण चालतील. ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड नको.

आता खरं कारण. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि फेब्रुवारी ते मे वणवे लागतात. हिरवी जाळी शेळीलाही अडवत नाही आणि आगीत आधी तीच पेटते. पाऊस संपला की प्रत्येक रोपाभोवती तीन फुटांचं वर्तुळ मातीपर्यंत साफ करा आणि सगळ्या लागवडीभोवती दहा फूट रुंद पट्टा गवत कापून मोकळा ठेवा. रोपाच्या बुडाशी ओलावा टिकवायला वाळलं गवत घालायचं असेल तर त्यावर दगड रचा, उघडं ठेवू नका. काटेरी फांद्यांचं कुंपण करा. प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर बांधा आणि वहीत २४ ओळी आखा: उंची ऑक्टोबरात, फेब्रुवारीत, जूनमध्ये. मेलेल्या रोपाच्या ओळीत कारण लिहा: आग, शेळी, पाणी, की खड्डा. पुढच्या जुलैत नवं रोप त्याच खड्ड्यात लावण्याआधी ती ओळ वाचा. कारण 'खड्डा' असेल तर जागा बदला.